कामाचा शेवटचा दिवस

मला सवत आहे हे लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाला आठवडाही झाला नसेल, नवरा डबा घेऊन कामावर गेला तो दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उगवला. भुवया करपलेल्या, डोळे लाल, आणि तोंडावर असं समाधान की माझ्या डोक्यात तिडीकच गेली. विचारलं, "कुणाकडे होतात?" तर म्हणाले, "भट्टीपाशी. जरा रुसली होती." रुसली होती म्हणे. त्या दिवसापासून मी तिला सवतच म्हणते, आणि तिच्यावरून आमच्या घरात जितकी भांडणं झाली तितकी पैशावरूनही झाली नाहीत.

नवरा म्हणजे काचेच्या कारखान्यातले भट्टीचे मिस्त्री. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात, मीही म्हणते. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला. औषधाच्या बाटल्या, बरण्या, दिव्यांच्या काचा, सगळं आमच्या हाताखालून जायचं. तडा गेलेलं बाजूला, बरं ते खोक्यात, मध्ये कागदाचा भुगा. मिस्त्री पलीकडच्या शेडमध्ये, मी अलीकडच्या. मधे एक भिंत आणि तिच्यातून येणारा भट्टीचा घोंघाट. नवराबायको एकाच छपराखाली दिवस काढत होतो, पण बोलणं व्हायचं ते घरी, आणि तेही ओरडून, कारण सवय.

काचेची भट्टी एकदा पेटवली की विझवायची नसते. आत हौदासारखी जागा असते, त्यात काचेचा रस धगधगत असतो. आच गेली की तो रस जागच्या जागी दगड होतो आणि भट्टीच्या विटा तडकतात. मग ती भट्टी संपली, नवीच बांधायची. म्हणून सुट्टी असो, संप असो, कुणाच्या घरी लग्न असो की मयत, तिच्यापाशी कुणीतरी लागतंच. हे कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा आमचे मिस्त्री. पाळीला आणखी दोघं होते, पण त्यांच्या पाळीतही हे एक चक्कर मारून यायचे. आमची लेक झाली तेव्हा दवाखान्यात आले ते खाटेपासून हातभर लांब उभे राहिले. म्हटलं, घ्या की तिला. तर म्हणाले, "आच उतरू दे अंगातली, मग घेतो." आणि आच उतरायच्या आत परत गेलेसुद्धा.

मला काय हवं होतं आयुष्यात? फार काही नाही हो. संध्याकाळी दोघांनी दारात खुर्च्या टाकून बसावं, चहा प्यावा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवावीत. एवढंच. शेजारचं जोडपं रोज बसायचं, त्यांच्याकडे बघून माझा जीव नुसता तुटायचा. बरं, ते दोघं एकमेकांशी धड बोलतही नव्हते. पण बसायचे तरी.

तर कारखान्याचं दिवाळं वाजलं. एका दिवसात नाही वाजलं, हळूहळू वाजलं. आधी पगार उशिरा यायला लागला, मग अर्धा यायला लागला, मग चार महिने आलाच नाही. मालक रोज सांगायचे की मोठी ऑर्डर येतेय. आम्हीही मान डोलवायचो, कारण दुसरं करणार काय? मग एके सकाळी फाटकावर कोर्टाची नोटीस चिकटली, आणि मालक जे दिसेनासे झाले ते झालेच.

कोर्टाने सगळं विकून देणी फेडायला एक बाई नेमली होती. लिक्विडेटर की काय ते. आम्ही मॅडम म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना पॅकिंगच्या हॉलमध्ये बोलावलं. वयाने माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, एका पालथ्या खोक्याला टेकून उभ्या राहिल्या आणि साध्या भाषेत सांगितलं.

म्हणाल्या, "बँकेकडे जे गहाण आहे ते बँक नेईल. उरलेलं मी विकीन. त्या पैशातून आधी हे सगळं सांभाळायचा आणि विकायचा खर्च जाईल. त्याच्या मागोमाग तुमचे थकलेले पगार, त्यासाठी दाव्याचा फॉर्म भरायचा. माल पुरवणारे, उसने देणारे, ते सगळे तुमच्या मागे. आणि मालक सगळ्यात शेवटी."

"मालकांनी भरलाय का फॉर्म?" बारकीने विचारलं. बारकी माझी मैत्रीण, पॅकिंगला माझ्या शेजारी बसते. दोन खोक्यांची जागा एकटीला लागते म्हणून तिला बारकी म्हणतात. सगळे हसले, मॅडमही हसल्या.

"त्यांचं राहू द्या, तुम्ही भरा," मॅडम म्हणाल्या. "पगार मागणं ही भीक नाही, हक्क आहे. पण हक्क असला तरी मागावा लागतो. मुदतीत दावा आला नाही, तर तुम्ही इथे होतात हे मला कागदावर दिसणार नाही."

मग फॉर्म वाटले. नाव, काम, पगार किती, कधीपासून थकला, आणि कामाचा शेवटचा दिवस. बारकीने तिथेच गुडघ्यावर ठेवून भरला. मीही भरला. शेवटचा दिवस म्हणून सगळ्यांनी नोटीस लागली त्याच्या आदल्या दिवसाची तारीख घातली.

मिस्त्रींनी फॉर्म घडी करून खिशात टाकला आणि विचारलं, "भट्टीचं काय?"

"ती बंदच करायची ना आता?" मॅडम सहज बोलून गेल्या.

हॉलमधले सगळे वळून मॅडमकडे बघायला लागले. त्या बिचारीला कळेना आपलं काय चुकलं. मग मिस्त्रींनी समजावलं की जिवंत भट्टी असली तर कारखाना चालू म्हणून विकला जाईल, कुणी घेईल, माणसंही ठेवून घेईल. विझली तर उरतील फक्त विटा. मॅडमनी विचार केला. बोलणं खोटं नव्हतं. म्हणाल्या, "ठीक आहे. गिऱ्हाईक येईपर्यंत राहू दे. पण तिच्याकडे बघणार कोण?"

"मी," मिस्त्री म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

त्याचे पैसे कोण देणार हे त्यांनी विचारलं नाही, मॅडमच्याही ध्यानात आलं नाही. मी विचारणार होते, पण बारकीने माझा हात दाबला. "चार दिवस जाऊ दे गं," म्हणाली, "माणसाला एकदम तोडू नये." चार दिवस म्हणे.

तर कारखाना बंद झाला आणि आमचे मिस्त्री पूर्वीसारखेच डबा घेऊन कामाला. आधी पाळीचे दोघंही यायचे. मग एकाला दुसरीकडे काम लागलं, दुसऱ्याला त्याच्या मेव्हण्याने बोलावून घेतलं. राहिले हे एकटे. घरी यायचे ते आंघोळीपुरते आणि चार घटका पडण्यापुरते, तेवढा वेळ फाटकावरच्या वॉचमनला तिच्यापाशी बसवून. मी शिलाईकाम घेतलं होतं. भाडं थकलं होतं, किराणावाल्याने बोलणं कमी केलं होतं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी असते, तिला पहिली मुलगी झालेली, ती आता रांगायला लागलेली. म्हणाली, "आई, आमच्या शेजारची खोली रिकामी होतेय. स्वयंपाकघर वेगळं आहे, दारात बसायला जागा आहे. घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय, पण अनामत आधी द्यावी लागेल. बाबांचे पगाराचे पैसे कधी मिळणार?"

दारात बसायला जागा आहे हे तिने मुद्दाम सांगितलं. लेक माझीच आहे.

मी त्या खोलीत राहायलाच गेले म्हणा ना. शिलाई करताना डोळ्यांपुढे तीच. खिडकीला पडदा कुठला, चूल कुठे, नात कुठे झोपेल. मिस्त्री दारात बसलेत आणि नात त्यांच्या मांडीवर, आणि या वेळी त्यांनी तिला घेतलंय. असं सगळं. इतकी वर्षं मन मारून काढली, आता ते आवरेना. माझा आणि यांचा मिळून थकलेला पगार आला की अनामत भागत होती. यांचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त, तेव्हा खरी भिस्त त्यावरच.

मग मी यांच्या शर्टाच्या खिशातून तो फॉर्म काढून बघितला. नाव होतं, काम होतं, सगळं होतं. कामाचा शेवटचा दिवस कोरा.

"हे का नाही भरलं?" मी विचारलं.

"अजून जातोय की मी," म्हणाले. "शेवटचा दिवस झालाय कुठे?"

"अहो, सगळ्यांनी नोटिशीच्या आदल्या दिवसाची तारीख घातलीय."

"त्यांचा तो शेवटचा असेल. मी त्यानंतरही गेलोय. खोटं कसं लिहू?"

आता या माणसाला काय म्हणावं सांगा. आयुष्यभर मालकाने खोटं सांगितलं ते चाललं, आणि याला एक तारीख लिहायला जड. मी कपाळाला हात लावला. मुदत संपत आली होती, आणि मला एकच माहीत होतं, की हा माणूस तारीख लिहिणार नाही तोवर दावा जाणार नाही, आणि दावा गेला नाही तर खोली गेली.

म्हणून मी तरातरा मॅडमकडे गेले. त्या जुन्या मॅनेजरच्या खोलीत बसायच्या. टेबलावर कागदांचा ढीग, शेजारी थंड झालेला चहा. मी म्हटलं, "मॅडम, आमच्या यांच्या फॉर्मचं काहीतरी करा. ते भट्टी सोडत नाहीत आणि तारीख लिहीत नाहीत."

मॅडमनी पेन ठेवलं. "बरं झालं तुम्ही आलात," म्हणाल्या. "मीच बोलावणार होते. गॅसचं बिल आलंय."

त्यांनी बिल माझ्यापुढे केलं. मी आकडा वाचला आणि त्यातली शून्यं बोटाने पुन्हा मोजली.

"हे कोण भरणार?"

"याच पैशातून जाणार," त्या म्हणाल्या. "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, सांभाळायचा खर्च आधी, पगार त्याच्या मागे. भट्टी चालू ठेवणं हा सांभाळायचा खर्च आहे. मला वाटलं होतं लवकर कुणी घेईल. दोन गिऱ्हाईकं आली, बघून गेली. आता जितके दिवस ती जळतेय तितके तुमच्याच पगाराचे पैसे कमी होतायत. मला हे थांबवावं लागेल. पण मिस्त्रींना मी सांगण्यापेक्षा..." आणि त्या थांबल्या.

मला राग यायला हवा होता मॅडमचा. आला नाही. त्यांचा चेहरा बघून वाटलं, हिलाही झोप नाही.

राग आला तो थेट भट्टीपाशी गेल्यावर. भर दुपार, आत जाळ, बाहेर ऊन. मिस्त्री पालथ्या खोक्यावर बसले होते, पायाशी पाण्याची बाटली. सगळा कारखाना सुना, धूळ बसलेली, आणि एकटी ही बया घोंघों करत बसलेली, यांना समोर बसवून. मला बघून खूश झाले. म्हणाले, "डबा राहिला होता का घरी?"

"डबा नाही," मी ओरडून म्हटलं, कारण तिच्यापाशी ओरडूनच बोलावं लागतं. "तुम्हाला माहीत आहे तुम्ही काय जाळताय?"

"गॅस."

"पगार जाळताय. माझा, तुमचा, बारकीचा, सगळ्यांचा. बिल आलंय. ते आधी जाणार, मग आपण. लेकीशेजारची खोली जाळताय तुम्ही इथे बसून."

त्यांनी ऐकलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. उठून आच दाखवणाऱ्या काट्याकडे गेले, तो बघितला, परत आले. मग म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगतेय ना."

"बारकीचा पण?"

"बारकीचा पण. सगळ्यांचा."

मला वाटलं आता चिडतील, भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं, माझी तयारी होती. पण ते एवढंच म्हणाले, "परवा एक गिऱ्हाईक येतंय. तेवढं बघू दे मला." त्यांचा आवाज असा होता की माझ्या तोंडातले सगळे शब्द जिरून गेले. तशीच घरी आले आणि शिलाईच्या मशीनवर डोकं टेकून बसून राहिले.

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी मिस्त्रींनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. माझ्यासाठी कधी इतकं नटले नव्हते. मीही गेले होते बघायला, बारकीही आली. एक जाडा माणूस, बरोबर त्याचा हिशेबनीस. मिस्त्री त्याला सगळं दाखवत होते, रस किती स्वच्छ आहे, विटा कुठल्या, मधली डागडुजी कशी केली. इतकं बोलताना मी त्यांना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तो माणूस रुमालाने मान पुसत ऐकत होता. मग मॅडमकडे वळून त्याने विचारलं, "हे पाडायचा खर्च कोण करणार?"

त्याला गोदाम बांधायचं होतं. जागा हवी होती, साचे भंगारात हवे होते.

मिस्त्री बोलायचे थांबले. बाहीने काट्याची काच पुसली, उगाचच, ती स्वच्छच होती. मग मॅडमजवळ जाऊन म्हणाले, "आज बंद करतो."

मॅडम म्हणाल्या, "हळूहळू आच उतरवली तर विटा वाचतात ना? तसं काहीतरी वाचलंय मी."

"वाचतात. पण त्याला आठ-दहा दिवसांचा गॅस लागतो," मिस्त्री म्हणाले. "कुणाच्या पैशाने वाचवू?"

बातमी कशी पसरते कोण जाणे. दुपारपर्यंत अर्धा कारखाना जमला. ज्यांना दुसरीकडे कामं लागली होती तेही रजा टाकून आले. पाळीचे दोघं आले आणि काही न बोलता बाह्या वर करून यांच्या शेजारी उभे राहिले. भट्टीच्या तळाचं भोक फोडलं, रस वाळूत सोडला. मी इतकी वर्षं काच हाताळली, पण ती अशी वाहताना धड कधी बघितली नव्हती. कारखाना चालू होता तोवर मला शेडमध्ये यायला बंदी नव्हती, मीच यायचे नाही. मानी होते. सवतीच्या दारात कशाला जा? आणि आता बघितली तर काय सांगू, सुंदर होती हो. डोळे हटेनात. मनात आलं, या बाईसमोर आपला काय पाड लागणार होता.

मग मिस्त्रींनी गॅसचा कॉक फिरवला.

घोंघाट थांबला. जन्मभर कानात बसलेला आवाज गेला आणि सगळं इतकं शांत झालं की कुणाला काही सुचेना. बारकी मला काहीतरी सांगत होती, ते सगळ्या शेडभर ऐकू गेलं. तिने तोंडावर हात ठेवला. हळूच म्हणाली, "अगं बाई, केवढ्यांदा बोलतो आपण." मग कुणीतरी हसलं, आणि हसता हसता रडलं. थोड्या वेळाने विटा तडकायला लागल्या. आतून, एकेक. प्रत्येक आवाजाला मिस्त्रींची मान थोडी हलायची. मला वाटलं होतं या दिवशी मला आनंद होईल. मी पदराने डोळे पुसत होते. सवत गेली म्हणून रडणारी बाई माझ्याआधी कुणी झाली असेल असं वाटत नाही.

त्यानंतर मिस्त्री घरी होते. संध्याकाळी मी दारात दोन खुर्च्या टाकल्या, चहा आणला. बसले. समोरून एकजण चालला होता, विजार वर ओढत ओढत, मी म्हटलं, "बघा याला, पट्टा घ्यायला पैसे नाहीत आणि चष्मा सोन्याच्या काडीचा." हे म्हणाले, "हं." दुसऱ्या दिवशीही हं. तिसऱ्या दिवशी चहा गार झाला तरी हातात कप तसाच. मला जे हवं होतं ते सगळं माझ्या दारात येऊन बसलं होतं, खुर्ची, चहा, माणूस. माणूस घरी होता आणि मी त्याची वाट बघत होते. आधी निदान माहीत तरी असायचं की हे आत्ता कुठे आहेत.

मुदतीचा दिवस आला. मीच त्यांना उठवलं, फॉर्म त्यांच्या खिशात कोंबला आणि दोघं मॅडमकडे गेलो. कारखान्याच्या फाटकातून आत जाताना त्यांनी सवयीने वर बघितलं. धुराडं होतं, धूर नव्हता. मी त्यांचा दंड धरला. एरवी चारचौघांत धरत नाही.

मॅडमनी फॉर्म बघितला. "शेवटचा दिवस?"

"नोटिशीच्या आदल्या दिवसाची घाला," मिस्त्री म्हणाले. "सगळ्यांनी घातलीय तीच."

मॅडमनी पेन उचललं नाही. "तसं नाही होणार," म्हणाल्या. "त्यानंतर तुम्ही भट्टी बंद होईपर्यंत येत होतात. मी सांगितलं म्हणून येत होतात. ते काम माझ्या परवानगीने झालंय, त्याचा पगार तुम्हाला लागू आहे. पाळीच्या दोघांनाही लागू आहे, ते किती दिवस आले ते त्यांनी सांगितलंय. आणि तो पगार सांभाळायच्या खर्चात धरतात. म्हणजे थकलेल्या पगारांच्याही आधी, आणि पूर्ण. भट्टी वेळेत बंद झाल्यामुळे बाकीच्यांचेही बहुतेक निघतील, मी हिशेब केलाय. तुमच्यामुळे कुणाचं अडणार नाही."

माझ्या मनाने लगेच बेरीज केली. अनामत भागून भाडंही निघत होतं. मला वाटलं या बाईला मिठी मारावी.

मिस्त्री मात्र मान हलवत होते. "नको ते," म्हणाले. "ते काम नव्हतं."

"मग काय होतं?" मॅडमनी विचारलं.

ते जरा वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भेटायला जात होतो मी."

मॅडमनी खाली बघितलं. हा माणूस खोटं बोलत नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि हेही तो खोटं बोलत नव्हता. इतकी वर्षं मी थट्टेने म्हणत आले, सवत, सवत, आणि मनातून स्वतःची समजूत घालत आले की नाही गं, कामावर जातात ते, पोटासाठी जातात, आपल्या तिघांसाठी जातात. दवाखान्यातून लेकीला न घेता परत गेले ते कामासाठी. मी तापाने फणफणलेली असताना गेले ते कामासाठी. मी रागावत होते, पण 'काम' या एका शब्दावर टेकून उभी होते. आणि आता हे सरळ तोंडावर सांगत होते की भेटायला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही त्यांच्या बरोबरीच्या कामगार आहात," म्हणाल्या. "तुमचं म्हणणं मी साक्ष म्हणून घेऊ शकते. नोटिशीनंतर ते जात होते ते काम होतं की नव्हतं?"

मिस्त्री म्हणाले, "तिला कशाला विचारता?"

"विचारू द्या की त्यांना," मी म्हटलं. माझा आवाज मोठाच निघाला. "मॅडम, ते काम होतं. रोज सकाळी डबा घेऊन जायचे, घामाने निथळून यायचे. मी शर्ट धुतलेत, मला माहीत आहे. भेटायला जाणारा माणूस असा परत येत नाही. काम होतं ते. नोटिशीनंतरचंही आणि त्याच्या आधीचंही, पहिल्या दिवसापासूनचं सगळं काम होतं. तसं लिहा. नुसत्या पैशासाठी नाही म्हणत मी. मला ते लिहून हवंय."

मॅडमनी लिहिलं. कागद फिरवून सहीसाठी यांच्यापुढे ठेवला, वर पेन ठेवलं. यांनी ते उचललं नाही. ते माझ्याकडे बघत होते. मॅडमनी एकदा "मिस्त्री" म्हणून हाक मारली, पुन्हा एकदा मारली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं, इतकी वर्षं भट्टीकडे बघत असतील तसे ते माझ्याकडेच बघत होते.